लेबलवरचं नाव

संशयी : जिमी रॉजर्सला कंट्री संगीताचा जनक म्हणायला माझी ना नाही. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमनं पहिले तीन मानकरी निवडले, त्यांत तो होता, आणि ते रास्तच झालं. मी अडतो ते पुढच्या पायरीवर. त्याला थोर गीतकारही म्हणतात. १९७० मध्ये गीतकारांच्या हॉल ऑफ फेमनंही त्याला आपल्यात घेतलं. आता त्याची गाणी एकेक करून हातात घ्या. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचं गाव आहे. तिथं ४ ऑगस्ट १९२७ ला व्हिक्टर कंपनीसाठी त्यानं पहिली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. एक होतं एकोणिसाव्या शतकातलं अंगाईगीत. दुसरं लढाईत पडलेल्या शिपायाच्या प्रेयसीचं. त्याचे शब्द नवे, पण चाल जुनीच. पुढं घरोघर पोचलेलं 'वेटिंग फॉर अ ट्रेन' हे भटक्यांच्या एका फार जुन्या गाण्याचं नवं रूप. 'इन द जेलहाऊस नाऊ' त्याच्याआधी फिरत्या खेळांत गायलं जात होतं, आणि १९२७ मध्ये ब्लाइंड ब्लेकनं त्याची तबकडीही काढली होती. 'मिस द मिसिसिपी अँड यू' तर दुसऱ्याच गीतकाराचं. उरल्या त्या प्रसिद्ध 'ब्लू योडेल' मालिकेतल्या तेरा रचना. त्यांतली कडवी दक्षिणेतल्या काळ्या गवयांच्या तोंडी आधीपासून खेळत होती. या सगळ्यातून गीतकार जिमी रॉजर्स वेगळा काढायचा म्हटलं तर हाती काय लागतं?

रसिक : तुम्ही एकेक गाणं सुटं करून त्याचा उगम शोधता आहात. उगम सापडतीलच, मी ते नाकारत नाही. पण गाणं बांधलं कसं जातं, हे त्या यादीत दिसत नाही. 'ब्लू योडेल'चंच बघा, ३० नोव्हेंबर १९२७ ला कॅमडेनमध्ये केलेलं पहिलं. एक माणूस, एक गिटार, एवढाच संच. प्रेयसीनं आपली वाताहत केली, हे तो आधी सांगतो. पुढं एका कडव्यात तिला गोळी घालायची भाषा करतो. आणखी पुढं गढूळ पाणी पिऊन पोकळ ओंडक्यात झोपेन, पण असली वागणूक सोसणार नाही, म्हणतो. यांतलं जवळजवळ प्रत्येक कडवं तुम्हाला दुसरीकडं सापडेल. तरी ती एका मागोमाग ऐकताना दुःख, धमकी आणि फुशारकी एकाच माणसाच्या छातीतून निघतात, असं वाटतं. त्यांना बांधून ठेवतो तो योडेल. ब्लूजमध्ये एक ओळ दोनदा म्हणतात आणि तिसरी तिला उत्तर देते. रॉजर्स त्या तिसऱ्या ओळीनंतर थांबत नाही. शब्द संपल्यावर आवाज फुटून वर जातो आणि पुन्हा खाली येतो. धमकीच्या कडव्यानंतर तो उन्मत्त वाटतो, विरहाच्या कडव्यानंतर हंबरड्यासारखा. सूर तेच असतात, आधीच्या कडव्यामुळं त्यांचा अर्थ पालटतो. ज्यानं हे योजलं त्यानं गाणं लिहिलं, असंच मी म्हणेन. कागदावर लिहिलं नसेल. तसंही त्याला स्वरलिपी येत नव्हती.

संशयी : योडेलही त्याचा नव्हे. रायली पकेटनं १९२४ मध्येच योडेल घातलेली तबकडी केली होती. एमेट मिलरसारखे रंगमंचावरचे गायक आवाज तसाच फोडायचे.

रसिक : ब्लूज त्याचा नव्हता, योडेल त्याचा नव्हता. दोन्ही त्या दक्षिणेत इतक्या वर्षांपासून पडून होते, तरी ते असे एका गाठीत बांधले कुणी? त्याच्यानंतर कित्येकांनी बांधले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्याचं ऋण कबूल केलं. जीन ऑट्रीनं तर सुरुवातीला त्याची हुबेहूब नक्कल करूनच कारकीर्द उभी केली.

संशयी : तर मग गीतकार हा शब्द बाजूला ठेवून मी तुम्हाला एका धंद्याची गोष्ट सांगतो. ब्रिस्टलला ध्वनिमुद्रण घेणारा माणूस होता राल्फ पिअर. त्यानं व्हिक्टर कंपनीशी असा करार केला होता की पगार नाममात्र घेईन, पण जी नवी गाणी मुद्रित होतील त्यांचे प्रकाशनाचे हक्क माझ्याकडं राहतील. १९०९ च्या अमेरिकी कायद्यानं प्रत्येक तबकडीतल्या प्रत्येक गाण्यामागं दोन सेंट हक्कधारकाला मिळत. लाखो तबकड्या खपल्या की दोन सेंटांचा डोंगर होतो. १९२८ मध्ये पिअरनं सदर्न म्युझिक ही प्रकाशनसंस्था काढली ती याच पायावर. या व्यवस्थेत दुसऱ्या प्रकाशकाचं लोकप्रिय गाणं पिअरच्या कामाचं नाही. मालक नसलेलं लोकगीत जसंच्या तसं गायलं तर त्यातूनही काही मिळायचं नाही. त्याला हवं होतं नवं गाणं, किंवा नव्यासारखं दिसेल एवढं बदललेलं जुनं गाणं. ब्रिस्टलला रॉजर्सनं आधी शहरी, चालू गाणी पुढं केली ती पिअरनं घेतली नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे डोंगराळ भागातले गवई अचानक गीतकार झाले ते आतून काही उसळलं म्हणून नव्हे. नावाला पैसे होते. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर दऱ्याखोऱ्यांतून गाणी गोळा करत हिंडला आणि त्यांवर त्याचंच नाव लागलं. ज्याला आपण कंट्री गीतलेखनाची परंपरा म्हणतो, तिच्या जन्मवेळी सुईण म्हणून हिशेबनीस हजर होता.

रसिक : होता. पण पैशाच्या ओढीनं निर्माण झालेली वस्तू खोटी ठरत नाही. हक्काच्या लोभापायी पिअरनं सांगितलं, जुनं आहे तसं नको, काहीतरी स्वतःचं आण. या एका मागणीनं शेकडो गवयांना आपल्या आयुष्याकडं बघायला लावलं. रॉजर्सच्या बाबतीत तर ती मागणी नेमकी लागू पडली. त्याचे वडील मोबाइल अँड ओहायो रेल्वेत गँगमनच्या टोळीचे मुकादम. त्या टोळ्यांना पाणी पाजायचं काम पोरानं केलं, पुढं तो गाडीचे ब्रेक सांभाळणारा ब्रेकमन झाला, आणि १९२४ मध्ये क्षयाचं निदान होऊन ती मेहनतीची नोकरी हळूहळू सुटली. रेल्वे, भटकंती, घराची ओढ आणि छातीतला रोग, एवढं भांडवल ज्याच्याजवळ आहे त्याला 'स्वतःचं आण' म्हणणारा माणूस भेटला. त्याचा हेतू काही का असेना.

संशयी : स्वतःचं म्हणता? मग एल्सी मॅकविल्यम्सचं काय करता? रॉजर्सच्या बायकोची, कॅरीची, ती थोरली बहीण. मिसिसिपीतल्या मेरिडियन गावातली, चर्चला जाणारी, पियानो वाजवणारी, संसारी बाई. पिअर नव्या गाण्यांचा तगादा लावी आणि रॉजर्सची पेटी रिकामी झाली की तो मेहुणीकडं धाव घेई. ती शब्द रचायची, चाल बसवायची, आणि त्याला स्वरलिपी वाचता येत नसल्यामुळं गाऊन गाऊन त्याच्या तोंडात बसवायची. जवळजवळ चाळीस गाण्यांत तिचा हात होता असं मानतात. नाव लागलं सुमारे निम्म्यांवर. 'डॅडी अँड होम' ऐकून कुणीही म्हणेल, हा मुलगा म्हाताऱ्या बापासाठी आपलं काळीज उघडतो आहे. त्या काळजाच्या अर्ध्या कळा एल्सीच्या पियानोवरून आल्या आहेत. एल्सीला नॅशव्हिलच्या गीतकार हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला तो १९७९ मध्ये, रॉजर्स जाऊन शेहेचाळीस वर्षं झाल्यावर. आणि ज्या १९६१ च्या यादीचं कौतुक करतात, तिच्यातले दुसरे दोघे कोण? हँक विल्यम्स, आणि हँकच्या गाण्यांवर हात फिरवणारा फ्रेड रोज. तिथं हात फिरवणाऱ्याला पहिल्याच वर्षी गायकाच्या शेजारी जागा मिळाली. रोज पुरुष होता आणि प्रकाशकही होता. एल्सी मेहुणी होती.

रसिक : या शेवटच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही. एवढंच म्हणेन की एल्सीनं कितीतरी गाण्यांवर आपलं नाव नको म्हटलं. बहिणीच्या घरात आजारी माणूस आहे, औषधपाण्याला पैसा लागतो, तो त्यांच्याकडंच जाऊ दे, हा तिचा विचार. तिच्या त्या देण्याला आपण नुसती फसवणूक म्हणू लागलो तर तिचा निर्णय तिच्याकडून हिसकावून घेतल्यासारखं होईल. आणि गाण्यांकडं परत यायचं तर तिचा हात आणि त्याचा हात यांतला फरक ऐकू येतो. तिच्या रचनांत घर आहे, आई-बाप आहेत, चंद्र आहे, जुना मित्र आहे. यमकं नीट जुळतात, कडवी सरळ चालतात. चांगली गाणी आहेत ती. पण जिथं मात्रा निसटते, एखादा ठोका वाढतो किंवा कमी पडतो, जिथं वाक्य मोडून तो मध्येच काही पुटपुटतो, तिथं रॉजर्स एकटा असतो. साथीदार वैतागत, याचं काही धरून वाजवता येत नाही म्हणून.

संशयी : ताल चुकणं हे गीतलेखन?

रसिक : चुकत असता तर पुढच्या कडव्यात दुसरीकडं चुकला असता. श्वास जिथं पुरतो तिथं तो ओळ संपवतो. बोलणाऱ्या माणसाची ओळ आहे ती, मोजपट्टीची नाही. १६ जुलै १९३० ला लॉस एंजेलिसमध्ये केलेलं 'ब्लू योडेल नंबर ९' ऐका. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आहे, पियानोवर त्याची बायको लिल हार्डिन. मेम्फिसच्या बील स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पोलीस हटकतो, तिथून गाणं सुरू होतं. रॉजर्सच्या ओळी कुठं संपतील याचा भरवसा नाही, आणि आर्मस्ट्राँग प्रत्येक ओळीच्या शेवटी अशा जागी शिरतो की जणू ती जागा आधीच सोडून ठेवली होती. आर्मस्ट्राँगसारख्याला त्या वेडीवाकडी वळणं घेणाऱ्या ओळीत काहीतरी भरीव सापडलं असणार. नाहीतर चाळीस वर्षांनी, १९७० मध्ये, जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात म्हातारपणी तेच गाणं त्यानं पुन्हा वाजवलं नसतं.

संशयी : आणि १९३० च्या तबकडीवर त्याचं नाव होतं का? नव्हतं. तो दुसऱ्या कंपनीशी बांधलेला होता, हे कारण मला माहीत आहे. पण परिणाम काय झाला ते बघा. त्या काळात ज्या दक्षिणेत ही दोन माणसं हॉटेलात एका मेजावर बसू शकली नसती, त्या दक्षिणेत हे गाणं एका गोऱ्या गवयाचं म्हणून विकलं गेलं. तुम्ही म्हणता ओळ बोलणाऱ्या माणसाची आहे. कुठल्या माणसाची? ओळीच्या शेवटी जागा सोडणं, त्या जागेत वाद्यानं उत्तर देणं, श्वासाप्रमाणं मात्रा लांबवणं, हे सगळं काळ्या गवयांच्या ब्लूजमधलं आहे. रॉजर्सच्या खास म्हणून तुम्ही ज्या खुणा दाखवता, त्याच मला त्याच्या उसनवारीच्या वाटतात.

रसिक : उसनवारी म्हणताना आपण असं धरून चालतो की त्या गाण्यांना एकेक मालक होता. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्यांना कुठं होता? ओळी गावोगाव फिरत, ज्या बाईच्या तोंडी बसत तिच्या सुखदुःखाला चिकटत. ब्लूजची कडवी तशीच होती. एक काळा गवई दुसऱ्याचं कडवं घेई तेव्हा आपण त्याला परंपरा म्हणतो. रॉजर्सनं घेतलं की उसनवारी?

संशयी : हो, आणि कारण साधं आहे. ओव्या गाणाऱ्या बायका ओवी कचेरीत नोंदवून घेत नव्हत्या. ज्या दिवशी त्या कडव्यांवर एका माणसाचं नाव लागलं आणि दोन सेंट एका खात्यात जमा होऊ लागले, त्या दिवशी ती परंपरा राहिली नाही. त्याच्या तोंडी कडवी सर्वांची होती, कागदावर मात्र एकट्याची.

रसिक : मान्य. इथं माझी बाजू लंगडी पडते. तरी मला एक गोष्ट मांडू द्या, कारण या गाण्यांत मला सर्वांत जास्त भिडते ती हीच. लोक म्हणतात, रॉजर्सनं आपलं आयुष्य गायलं. मला तसं वाटत नाही. 'वेटिंग फॉर अ ट्रेन' घ्या. पैसे नसलेला भटक्या मालगाडीजवळ येतो आणि ब्रेकमनशी गोड बोलून बघतो. पैसे असतील तर बस, म्हणतो ब्रेकमन. खिसा रिकामा. ब्रेकमन त्याला हिणवून डब्याचं दार आपटतो, आणि हा टेक्सासच्या माळावर, घरापासून दूर, एकटा. आता आठवा, जिमी रॉजर्स स्वतः ब्रेकमन होता. 'गाणारा ब्रेकमन' हीच त्याची जाहिरात. १९२९ मध्ये त्याच नावाच्या छोट्या बोलपटात तो रेल्वेवाल्याच्या वेशात आहे. आयुष्यात तो दार आपटणाऱ्यांच्या बाजूला होता, गाण्यात तो खाली उभा आहे. गाण्याचा सांगाडा जुना असेल, पण हे गाणं निवडलं कुणी, आणि कुणाच्या बाजूनं गायचं हे ठरवलं कुणी? मंदीच्या वर्षांत कामाच्या शोधात रेल्वेच्या कडेकडेनं फिरणाऱ्या लाखो माणसांनी ते आपलं मानलं. कारण त्यात त्यांना हाकलणारा माणूसच त्यांच्या जागी येऊन उभा होता.

संशयी : हे तुम्ही चांगलं मांडलंत. आता हाच दाखला 'ब्लू योडेल नंबर ८'ला लावा. ज्याला पुढं 'म्यूल स्किनर ब्लूज' म्हणू लागले, तेच.

रसिक : लावतोच. तिथं तर जागेची अदलाबदल आणखी स्पष्ट आहे. १९३० चंच गाणं. खेचरं हाकणारा मजूर सकाळी मुकादमापुढं येतो आणि काम आहे का विचारतो, आपल्या कसबाची बढाई मारतो. मग पाणक्या पोराला ओरडून पाणी मागतो. पाणी वाहणारा तो पोर कोण होता? रॉजर्स स्वतः, वडिलांच्या टोळीत. मुकादम कोण? त्याचे वडील. गाण्यात तो ना पोर होतो, ना मुकादम. ज्या मजुरानं त्याच्यावर पाण्यासाठी ओरडायचं, त्याच्या तोंडानं तो बोलतो. याला मी लेखन म्हणतो. दुसऱ्याच्या जागी उभं राहून त्याच्या आवाजात 'मी' म्हणायचं, हे कवीचं खरं काम.

संशयी : आणि तो मजूर कोण होता? गाण्यातच उत्तर आहे. मुकादम त्याला ज्या नावानं हाक मारतो ते त्या काळी काळ्या माणसाला हिणवायचं नाव होतं. म्हणजे 'मी' म्हणणारा हा माणूस काळा आहे, याबद्दल गाण्यालाच शंका नाही. दोन वर्षं आधी, १९२८ मध्ये, टॉम डिक्सन नावाच्या काळ्या गवयानं मेम्फिसमध्ये 'लेबर ब्लूज' मुद्रित केलं. त्यातही सकाळची तीच भेट आहे, मुकादमाला तोच नमस्कार, मुकादमाच्या तोंडी तेच हिणवणं. पण डिक्सनचा मजूर कामावर जायला नकार देतो. उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबायला माझी हरकत नाही, पण मजुरीच्या दिवशी मजुरी हातात पडली पाहिजे, असं तो सुनावतो. रॉजर्सच्या गाण्यात हा नकार नाही. तिथं मजूर स्वतःहून काम मागायला येतो आणि आपल्या हुन्नरावर खुश आहे. तुम्ही म्हणता, तो मजुराच्या जागी जाऊन उभा राहिला. मी म्हणतो, उभा राहताना त्यानं मजुराला जरा मुकादमाला आवडेल असा करून घेतला.

रसिक : डिक्सनचं गाणं त्यानं ऐकलं होतं, असं धरता येत नाही. दोघांनीही एकाच हवेतून ते उचललं असेल.

संशयी : तेच तर जास्त बोचतं. डिक्सनकडून घेतलं असतं तर निदान एका माणसाचं देणं ठरलं असतं. हवेतून घेतलं म्हटलं की देणं कुणाचंच राहत नाही. मेरिडियनच्या रुळांवर ज्या टोळ्या ठोके देत गायच्या त्यांतल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. एल्सीला १९७९ मध्ये का होईना मान मिळाला. या माणसांना तो देता येत नाही, कारण द्यायचा कुणाला हेच ठाऊक नाही.

रसिक : 'टीबी ब्लूज'बद्दलही असंच म्हणाल?

संशयी : तिथं तर आणखी ठामपणे. लोक म्हणतात, मरणाच्या दारातल्या माणसानं आपला रोग गायला. गीतकार म्हणून रॉजर्सबरोबर नाव आहे रेमंड हॉलचं, टेक्सासच्या हंट्सव्हिल तुरुंगातल्या कैद्याचं. आणि १९२७ मध्ये व्हिक्टोरिया स्पायवीनं याच नावाचा ब्लूज गायला होता. रॉजर्सचं गाणं वेगळं आहे, पण थडग्याच्या एकाकीपणाचं, तोंडावर माती पडण्याचं चित्र ब्लूजमध्ये सर्वत्र आहे. म्हणजे त्याचं सर्वांत खासगी मानलं जाणारं गाणंसुद्धा त्याच्या एकट्याच्या हातचं नाही.

रसिक : १९३१ च्या सुरुवातीला सॅन अँटोनियोत ते मुद्रित झालं तेव्हा क्षयाला औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला आणखी बारा वर्षं होती. घरात क्षय असला तर लोक तो लपवायचे. अशा वेळी एक नामवंत गवई, ज्याचा खोकला प्रेक्षकांनी रंगमंचावर ऐकलेला, उभा राहून रोगाचं नाव घेऊन गातो. ते गाताना त्याच्या छातीत तोच रोग आहे, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे. कैद्याचे शब्द, स्पायवीच्या आधीपासूनचं थडगं, सगळं खरं. पण ते शब्द आणि तो श्वास एकत्र आले ते तिथं पहिल्यांदा. तुम्ही शब्दांची नोंद ठेवता आहात. त्या श्वासाची नोंद कुठल्या खात्यात करणार?

संशयी : गायकाच्या खात्यात. मी त्याला थोर गायक म्हणायला तयार आहे, हे पहिल्यापासून सांगतो आहे. त्याचा वारसा जगभर पोचला तो गळ्याचा. केनियातल्या किप्सिगिस लोकांनी त्याच्या तबकड्या ऐकून एक अर्धा माणूस, अर्धा हरीण असं पात्र कल्पिलं आणि त्याला 'चेमिरोचा' नाव दिलं. लोकसंगीत गोळा करणाऱ्या ह्यू ट्रेसीनं १९५० मध्ये तिथल्या मुलींचं त्यावरचं गाणं मुद्रित केलं. त्यांना त्याचा एक शब्द कळला नव्हता. शिकागोच्या हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकानं सांगितलं की मला त्याच्यासारखं योडेल जमेना, म्हणून मी लांडग्यासारखा ओरडू लागलो. आणि आपला किशोरकुमार. त्यानं योडेल उचलला तो रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्यांवरून, असं सांगतात. 'अंदाज'मधलं 'जिंदगी एक सफर है सुहाना' ऐकताना मुंबईतल्या कुणाला मिसिसिपीचा ब्रेकमन आठवतो? गाणं वाटेत गळून पडलं, गळा तेवढा पोचला.

रसिक : किशोरकुमारचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. 'अंदाज'मध्ये योडेल आनंदाचा आहे, मोटरसायकलच्या वेगाचा आहे. फार गोड आहे. आता रॉजर्सकडं परत जा. तिथं शब्दांना पुढं जाता येत नाही तेव्हा योडेल येतो, आणि म्हणून तो रचनेचा भाग आहे. गळा तोच ठेवून रचना काढून घेतली की काय उरतं, हे किशोरकुमार दाखवतो. ते सुंदर आहे, पण वेगळं आहे. याउलट जिथं रचना पोचली ती उदाहरणंही बघा. बिल मनरोनं १९३९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ-कार्यक्रमातल्या आपल्या पहिल्या हजेरीत 'म्यूल स्किनर' म्हटलं, लय वाढवून. डॉली पार्टननं १९७० मध्ये तेच गायलं, आणि मजुराच्या जागी एका मुलीला उभं केलं. मर्ल हॅगार्डनं १९६९ मध्ये त्याच्या गाण्यांचा जोडसंच काढला. तोही रेल्वेत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, तुरुंगात राहून आलेला. रॉजर्सच्या गाण्यांतल्या 'मी'मध्ये त्याला स्वतःला उभं राहता आलं. गायकानं आपल्या तोंडून एका फाटक्या माणसाचा 'मी' उभा करायचा, ही कंट्री गीतलेखनाची सारी रीत तिथून आली. शब्द एल्सीचे असोत, हॉलचे असोत, हवेतले असोत.

संशयी : 'हवेतले' हा शब्द तुम्ही फार सहज वापरता. डॉली पार्टनच्या मुलीला त्या गाण्यात उभं राहता आलं, हॅगार्डला राहता आलं. मेरिडियनच्या त्या टोळीतल्या मजुराला राहता आलं का? त्याच्यापर्यंत ते गाणं परत गेलं तेव्हा त्यावर दुसऱ्याचं नाव होतं. तुमच्या रॉजर्सला त्याच्या जागी जाता आलं, त्याला रॉजर्सच्या जागी येता आलं नाही. दोन्ही दिशांनी वाट मोकळी असती तर मी तुमच्या कवित्वाला मान डोलावली असती.

रसिक : वाट बंद होती ती रॉजर्सनं केलेली नाही. उलट त्यातल्या त्यात तो भिंतीपलीकडं हात घालत राहिला. आर्मस्ट्राँग झाला, १९३१ मध्ये लुईव्हिलला काळ्या वादकांचा, सुरईत फुंकून वाजवणारा 'जग बँड' त्याच्या साथीला होता. किती गोऱ्या गवयांनी तेव्हा एवढंही केलं? आणि पैशाचं म्हणाल, तर मे १९३३ बघा. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकली होती. एक गाणं गायचं, आडवं व्हायचं, श्वास जमला की पुन्हा उठायचं. अशी बारा गाणी त्यानं केली, शेवटचं एकट्यानं, फक्त गिटारवर. २६ मे रोजी टाफ्ट हॉटेलात तो गेला, पस्तिसाव्या वर्षी. ती बारा गाणी कॅरीसाठी आणि मुलीसाठी होती, आपल्यामागं त्यांना काही मिळत राहावं म्हणून. तुम्ही ज्या दोन सेंटांवर बोट ठेवता, तेच मरणाऱ्या माणसाला घरच्यांसाठी मागं ठेवता येण्यासारखं होतं.

संशयी : त्याच्या घरच्यांचा तो हक्क मी नाकारत नाही. मी विचारतो ते दुसऱ्या घरांबद्दल. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनांचे अमेरिकेतले हक्क १ जानेवारी २०२४ ला संपले. पुढच्या रचनांचेही आता वर्षावर्षानं संपतील. दोन सेंटांचं भांडण असं आपोआप मिटत चाललं आहे. आता उरतो तो फक्त नावाचा प्रश्न, आणि तो पैशाच्या आड लपवता येणार नाही. उद्या एखाद्या तरुण गायिकेनं 'म्यूल स्किनर'ची नवी तबकडी काढली आणि तुम्हाला विचारलं, गीतकार म्हणून काय छापू, तर काय सांगाल?

रसिक : जिमी रॉजर्स. आणि त्याखाली, टॉम डिक्सनचं १९२८ चं 'लेबर ब्लूज'ही ऐका, अशी एक ओळ.

संशयी : मी क्रम उलटा लावीन. डिक्सन आधी.

रसिक : मग योडेल कुणाच्या नावावर घालाल? डिक्सनच्या गाण्यात तो नाही. आणि पाण्यासाठी ओरडणारी ती हाक?

संशयी : ती हाक ज्याची होती त्याच्या नावावर. त्याचं नाव मिळेपर्यंत ती ओळ मी कोरी ठेवीन.

रसिक : कोरी ठेवलेली ओळ वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल.